मराठी गाण्यांचं सर्वोत्तम दशक : साठचंच, पण ते पारखायचं कसं?

प्रश्न असा आहे : भावगीत, चित्रपटगीत, नाट्यपद, लावणी आणि लोकगीत हे सगळं एकत्र धरलं, तर मराठी लोकप्रिय संगीताचं सर्वोत्तम दशक कोणतं? पन्नासचं म्हणणारे गीतरामायण पुढे करतात, सत्तरचं म्हणणारे ‘जैत रे जैत’, आणि आज तिशीत असलेल्यांना अजय-अतुल यांच्याशिवाय ही चर्चाच अपुरी वाटते.

माझं उत्तर आधीच सांगतो : १९६१ ते १९७०. शिखरं प्रत्येक दशकात सापडतात, त्यामुळे एकेक अजरामर गाणं समोर ठेवून वाद घातला तर तो कधीच मिटत नाही. दशक तोलायचं ते मधल्या फळीवर. सगळ्यांना पाठ असलेली वीस गाणी यादीतून काढून टाका आणि मग काय उरतं ते पाहा. या कसोटीवर साठचं दशक इतरांच्या बरंच पुढे आहे. पण ही कसोटी नीट लावायची तर आधी काही गोष्टी पक्क्या कराव्या लागतात, आणि बहुतेक वाद तिथेच फसतात.

पहिली गोष्ट वर्षांच्या सीमेची. दशक १९६० ते ६९ की १९६१ ते ७०, हे सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवा. मराठीत यानं मोठा फरक पडतो. एकट्या १९६० सालात ‘जगाच्या पाठीवर’ आणि ‘अवघाची संसार’ हे चित्रपट आले, रंगभूमीवर ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘सुवर्णतुला’ आली, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या निमित्तानं राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ श्रीनिवास खळ्यांच्या चालीत शाहीर साबळ्यांच्या आवाजात राज्यभर पोचलं. हे एक साल ज्याच्या पदरात पडेल त्याचं पारडं जड होतं. मी १९६१ ते ७० धरतो. त्यात साठच्या दशकाचा तोटा आहे. बदल्यात १९७० चा ‘मुंबईचा जावई’ तेवढा मिळतो. तरीही निकाल फिरत नाही, म्हणूनच तो मला भरवशाचा वाटतो.

दुसरी गोष्ट गाण्याच्या तारखेची. मराठी गाण्याला अनेकदा तीन तारखा असतात : आकाशवाणीवर किंवा रंगमंचावर पहिल्यांदा ऐकू आलं ती, तबकडी निघाली ती, आणि आज अॅपवर दिसते ती. तिसरी सरळ सोडून द्या. तिथे बहुधा कुठल्यातरी संकलनाचं किंवा डिजिटल नोंदणीचं वर्ष असतं, आणि साठच्या दशकातलं गाणं बिनदिक्कत १९९८ चं किंवा २००४ चं म्हणून दाखवलं जातं. चित्रपटगीताला चित्रपटाच्या प्रदर्शनाचं वर्ष धरा, नाट्यपदाला पहिल्या प्रयोगाचं. भावगीतासाठी जुन्या तबकडीचं लेबल पाहा. बऱ्याच लेबलांवर प्रथम प्रकाशनाचं वर्ष छापलेलं असतं. एचएमव्ही या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या क्रमांकांची अक्षरंही उपयोगी पडतात : ‘ईसीएलपी’ म्हणजे मोनो (एकाच वाटेनं येणाऱ्या आवाजाची) एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी; ‘ईसीएसडी’ म्हणजे स्टीरिओ (डाव्या-उजव्या दोन वाटांनी येणाऱ्या आवाजाची) एलपी; ‘सेव्हन ईपीई’ म्हणजे ईपी, सात इंची छोटी तबकडी. स्टीरिओ एलपी हाती आली आणि तिच्यातली गाणी कानाला स्पष्ट मोनो लागली, तर बहुधा ती जुन्या ध्वनिमुद्रणाची पुनरावृत्ती असते. वर्ष मागे शोधायचं.

गीतरामायण हे याचं सगळ्यात नामी उदाहरण. पुणे आकाशवाणीवरून ते १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला सुरू झालं आणि दर आठवड्याला एक नवं गीत या क्रमानं १९५६ च्या एप्रिलपर्यंत छप्पन्न गीतं झाली. तेव्हा माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे असे अनेक आवाज त्यात होते. आज घराघरात वाजतं ते सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातलं नंतरचं ध्वनिमुद्रण. रचना पन्नासच्या दशकाची, मग श्रेयही त्याचंच. साठच्या बाजूनं बोलताना ते आपल्याकडे ओढायचा मोह टाळा.

तिसरी अडचण चाळणीची. जुन्या दशकांची जी गाणी आपल्याला माहीत आहेत ती दोनदा चाळली गेली आहेत : एकदा त्या काळच्या श्रोत्यांनी, आणि पुन्हा पुढे कॅसेट-सीडीच्या संकलनांसाठी गाणी निवडणाऱ्यांनी. टाकाऊ माल आपल्यापर्यंत पोचलाच नाही. नव्वदचं किंवा २०१० नंतरचं दशक मात्र आपण सगळ्या कचऱ्यासकट ऐकलं आहे. म्हणून नव्वदनंतरच्या वर्षांना या स्पर्धेत उतरवणं त्यांच्यावरच अन्याय करणारं आहे. ‘जोगवा’, ‘नटरंग’ आणि ‘सैराट’ टिकतील अशी माझी खात्री आहे. पण त्या वर्षांची मधली फळी कोणती हे ठरायला अजून वेळ आहे.

वयाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. माणसाचा ओढा आपल्या तेविशी-चोविशीच्या आसपास लोकप्रिय असलेल्या गाण्यांकडे सर्वाधिक असतो, असं १९८९ मध्ये अमेरिकेतल्या होलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी दाखवलं होतं. गटात वाद असेल तर प्रत्येकानं आपलं जन्मसाल सांगावं, आणि जन्मसालात १५ ते २५ मिळवून जी वर्षं येतात त्यांच्या बाजूचं आपलं मत अर्धं धरावं.

आता ऐकण्याबद्दल. दोन दशकांची तुलना करताना ध्वनी समान पातळीवर आणला नाही, तर कान हमखास फसतो. नव्यानं साफ केलेलं ध्वनिमुद्रण मोठं आणि उजळ असतं, आणि मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. दोन्ही गाण्यांतला गायकाचा आवाज साधारण एकाच पातळीवर येईल असा व्हॉल्यूम जुळवा, मगच मत द्या. ठेका किंवा की-बोर्ड मागाहून चढवलेल्या आवृत्त्या बाद करा.

याहून नजरेआड राहणारी चूक गतीची आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून किंवा घासलेल्या कॅसेटवरून उतरवलेल्या फायली बऱ्याचदा दोन-तीन टक्के जास्त वेगात असतात. सहा टक्क्यांनी पूर्ण एक पट्टी चढते, म्हणजे तीन टक्क्यांनी अर्धी. तेवढ्यानं आवाज कोवळा आणि पातळ होतो, आणि ‘तेव्हाच्या गायिका किती कोवळ्या आवाजात गायच्या’ असे निष्कर्ष निघतात. तपासायला सोपं आहे. गाण्यात पियानो, ॲकॉर्डियन किंवा व्हायब्राफोन असेल तर ट्यूनर, म्हणजे स्वराची उंची दाखवणारं साधन, लावा. ठरावीक स्वरांची ही वाद्यं सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकलेली दिसली, तर गती बिघडलेली आहे. ज्या गाण्यात फक्त तंतुवाद्यं आणि बासरी आहे, तिथे मात्र असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण वादकांनी मुळातच तसं जुळवलेलं असू शकतं.

एवढं झालं की यादी. प्रत्येक दशकाची चाळीस गाणी पुरतात. सरासरी तीन मिनिटं वीस सेकंद धरली तर सव्वादोन तासांत एक दशक ऐकून होतं, दोन बैठकांत दोन दशकं. नियम कडक ठेवा : एका संगीतकाराची तीनपेक्षा जास्त नाहीत, एका गायकाची चारपेक्षा जास्त नाहीत, आणि भावगीत, चित्रपट, नाटक, लावणी-लोकगीत या चारही प्रवाहांतून किमान सहा-सहा. गायकाची मर्यादा फार महत्त्वाची आहे. लता आणि आशा दोघी पन्नासपासून पुढच्या सगळ्या दशकांत आहेत. त्यांच्या आवाजानं चाल असते त्याहून मोठी भासते. मर्यादा घातली की दशकाची खरी खोली कळते.

प्रत्येक गाणं तीनदा पारखा. आधी शब्द चालीशिवाय मोठ्यानं वाचा. कविता म्हणून उभी राहते का? मग नुसत्या तानपुऱ्यावर किंवा पेटीवर ध्रुवपद आणि एक कडवं म्हणा. वाद्यमेळ काढल्यावर चालीत जीव उरतो का, आणि शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो का? ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण इथेच उघडी पडते. शेवटी मूळ ध्वनिमुद्रण ऐका, फक्त वाद्यांकडे कान लावून. तिन्हींना स्वतंत्र गुण द्या. एकच गुण दिला तर आठवणी त्यात शिरतात.

माझ्या अनुभवात या तीन गुणांचा कल ठरलेला असतो. शब्द आणि चालीचा मेळ यांत पन्नास आणि साठ जवळजवळ बरोबरीत येतात. वाद्यमेळात साठ पुढे जातं. सत्तरच्या गाण्यांना वाद्यमेळात पैकीच्या पैकी मिळतात, पण यादीतल्या तिसाव्या गाण्याशी पोचेपर्यंत पन्नास आणि सत्तर दोन्ही दमतात. साठ दमत नाही.

असं का झालं, हे सांगता येतं, आणि या वादातला मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग तोच आहे.

मूळ रेडिओत आहे. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केलं. हिंदी श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला आणि १९५७ मध्ये विविधभारती सुरू करून आकाशवाणीला माघार घ्यावी लागली. पण मधल्या काळात रिकाम्या झालेल्या वेळेसाठी केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले, आणि ते पुढे मोडले नाहीत. चित्रपटाच्या प्रसंगाला न बांधलेलं, नवी कविता घेऊन केलेलं गाणं सरकारी खर्चानं नियमित होऊ लागलं. मुंबई केंद्राचा ‘भावसरगम’ हा भावगीतांचा कार्यक्रम त्याचाच पुढचा टप्पा. केसकरांचं धोरण चित्रपटसंगीतापुरतं हटवादी होतं असंच मी म्हणेन; मराठी भावगीताला मात्र त्यानं घर दिलं.

त्या घरात माणसं कोण होती ते पाहा. मंगेश पाडगावकर, यशवंत देव, श्रीनिवास खळे, तिघांनीही मुंबई केंद्रावर काम केलं. जितेंद्र अभिषेकी तिथल्या कोकणी विभागात होते. कवी, चाल लावणारा आणि वादक एकाच इमारतीत असल्यावर कविता कागदावरून चालीत जायला वेळ लागत नाही. एखादा शब्द चालीत बसत नसेल तर कवीलाच विचारता येतं. ‘शुक्रतारा मंद वारा’सारखं गाणं अशाच वातावरणातून येतं : पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. खळ्यांची चाल सरळ वाटते आणि म्हणायला गेलं की पुढचा स्वर आपण धरला तिथे नसतो. पेटीवर बसवताना हे लगेच कळतं.

पेटीचा विषय निघालाच आहे तर : आकाशवाणीवर १९४० पासून साथीला पेटी वर्ज्य होती आणि ती बंदी सत्तरच्या दशकाच्या तोंडावर सैल झाली. रेडिओवरच्या भावगीताला व्हायोलिन, बासरी, सतार, सारंगी यांवर भागवावं लागे. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि कणस्वर (मुख्य स्वराला हलकेच स्पर्श करणारे शेजारचे स्वर) सांभाळणारी ही वाद्यं गायकाच्या मागे असल्यामुळे चालीही तशाच बारीक वळणांच्या बांधल्या गेल्या, असं माझं मत आहे. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन ऐकलं की ते पटतं. शब्द ऐकू यावेत इतकं ते गातं.

दुसरं कारण तबकडीचं. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं वीस सेकंद मावत. ईपी आल्यावरही सवय तीच राहिली. हिशेब मांडून पाहा. केरवा तालाचं एक आवर्तन, म्हणजे आठ मात्रांचा एक फेरा, साडेतीन सेकंदांचं, ओळीला दोन आवर्तनं, म्हणजे चार ओळींच्या कडव्याला अठ्ठावीस सेकंद आणि ध्रुवपदावर परत यायला सात. सुरुवातीचं म्युझिक दहा सेकंद, ध्रुवपद वीस, तीन कडव्यांआधीचे म्युझिक पीस पंधरा-पंधरा सेकंदांचे. बेरीज बरोबर तीन मिनिटं. शेवटाला दहा सेकंद दिले की संपलं. म्हणजे संगीत संयोजकाला पंधरा सेकंदांत कडव्याचा भाव बदलून द्यायचा आहे, एकही फुकट सूर न वापरता. कवितेचं चौथं कडवं गळतं तेही याच हिशेबात. पुढे एलपी आणि कॅसेटनं जागा मोकळी करून दिल्यावर हेच म्युझिक पीस तीस-चाळीस सेकंदांचे झाले, आणि बऱ्याच गाण्यांत त्या वाढीव जागेत सांगण्यासारखं काही नव्हतं.

पंधरा सेकंद असे भरणारी माणसं मुंबईत होती, कारण हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद तिथे होता. नोटेशन वाचणारे गोव्याचे व्हायोलिन आणि ट्रम्पेटवादक, पारशी आणि बंगाली वादक, आणि त्यांना स्वरलिपी लिहून देणारे संयोजक हे सगळं तयार होतं. मराठी निर्मात्याला साठ वादक परवडत नव्हते. त्यामुळे आठ-दहा जणांत काम भागवलं जाई, आणि त्या मोजक्या वादकांत प्रत्येकाचं वाद्य स्वच्छ ऐकू येतं. अनिल मोहिले आणि शामराव कांबळे यांचं संयोजन ऐकताना हेच सुख मिळतं.

तिसरं कारण रंगभूमी. बोलपट आल्यावर संगीत नाटक मागे पडलं होतं. विद्याधर गोखल्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’नं दार किलकिलं केलं, १९६३ मध्ये राम मराठ्यांच्या संगीतानं ‘मंदारमाला’ गाजलं, आणि १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’त अभिषेकींनी नाट्यपदाचं रूपच पालटलं. तानांची आतषबाजी कमी, भाव जास्त, पद तीन-चार मिनिटांत पुरं. रामदास कामत आणि आशालता वाबगावकर हे आवाज रेडिओवर भावगीताच्या शेजारी सहज बसले. मग ‘ययाति आणि देवयानी’ आणि ‘लेकुरे उदंड जाली’, १९६७ च्या शेवटी ‘कट्यार काळजात घुसली’, १९६८ ला ‘हे बंध रेशमाचे’. चार-पाच वर्षांतलं हे पीक. असं सलग पीक रंगभूमीवर त्यानंतर आलेलं नाही.

चित्रपटाकडे वळलं तर कोल्हापूरचा चित्रपटव्यवसाय आपल्या ताकदीनं उभा होता. वसंत पवारांच्या ‘सवाल माझा ऐका’तली सुलोचना चव्हाणांची लावणी, लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावानं संगीत दिलेले ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९), दत्ता डावजेकरांचा ‘पाठलाग’, फडक्यांचे ‘प्रपंच’ आणि ‘हा माझा मार्ग एकला’. इतकी नावं घेऊनही दशरथ पुजारींची सुमन कल्याणपूरांकडून गाऊन घेतलेली गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांनी शांता शेळके आणि आरती प्रभू यांच्या कवितांना लावलेल्या चाली बाकीच राहतात. मधली फळी म्हणतो ती हीच.

पन्नासचं दशक हरतं ते थोडक्यात. गीतरामायण, वसंत प्रभू आणि पी. सावळाराम यांची लताच्या आवाजातली गाणी, ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, पु. लं.चा ‘गुळाचा गणपती’, ‘सांगत्ये ऐका’तली आशाची लावणी : भावगीत आणि चित्रपट यांत ते साठच्या खांद्याला खांदा लावतं. नाटकाच्या रकान्यात मात्र सहा गाणी भरताना दमछाक होते, कारण जुनीच पदं नव्या आवाजांत गायली जात होती. १९६० साल पन्नासला देऊनही ती उणीव पुरती भरत नाही.

सत्तरचं प्रकरण वेगळं आहे. ‘पिंजरा’ (१९७२), ‘शिवकल्याण राजा’ (१९७४), ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सिंहासन’ (१९७९), सुरेश भटांच्या गझला, भीमसेन जोशींची राम फाटकांनी बांधलेली अभंगवाणी. शिखरांची उंची साठपेक्षा तसूभरही कमी नाही, आणि ना. धों. महानोरांच्या शब्दांना हृदयनाथांनी दिलेला रानाचा स्वर त्याआधी मराठी चित्रपटात नव्हता. पण ही कामं मोजक्या हातांत एकवटलेली आहेत. संगीतकाराला तीनच गाण्यांची मर्यादा घातली की हृदयनाथ, खळे, राम कदम आणि फडके बारा गाण्यांत संपतात आणि पुढची अठ्ठावीस शोधायला वेळ लागतो. साठमध्ये ती अडचण येत नाही.

एका बाबतीत माझा निकाल हलू शकतो. या सगळ्या याद्या आकाशवाणी आणि एचएमव्ही यांच्या दारातून आत आलेल्या गाण्यांच्या आहेत. वामनदादा कर्डकांची गाणी, भीमगीतांचे सामने, तमाशाच्या फडावरच्या रचना, कव्वालीच्या मुकाबल्यांतली मराठी गाणी, हे लाखो लोकांचं लोकप्रिय संगीत होतं, आणि त्यातलं बरंच तबकडीवर आलं नाही किंवा फार उशिरा आलं. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा आवाज यादीत नसेल तर ती यादी अर्ध्या महाराष्ट्राची आहे. पाचवा प्रवाह म्हणून याही गाण्यांना सहा जागा द्या. तसं केलं की सत्तरचं पारडं निश्चित जड होतं, आणि कॅसेटमुळे ऐंशीचंही, कारण स्वस्त कॅसेटनं ज्यांना कधी स्टुडिओ मिळाला नव्हता त्यांना तो मिळाला. माझ्या गणतीत साठ तरीही पुढे राहतं, पण फरक चाळिसात दोन-तीन गाण्यांवर येतो. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कुणी आपल्याकडच्या गाण्यांच्या खात्रीच्या तारखा घेऊन ही यादी पुन्हा केली, तर त्यांचा निकाल माझ्यापेक्षा वेगळा निघू शकेल, आणि मी तो मानेन.